एका पेशकबजाची ओळख

जुना कागद कसा जपावा याविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु जुनें शस्त्र हातीं आलें असतां काय करावें, याचा विचार क्वचितच होतो. कागदावरील अक्षर पुसणें हा अपराध होय, हें सर्व जाणतात. शस्त्र मात्र घासून लखलखीत केलें म्हणजे त्याची सेवा झाली, असें आपण समजतों. या समजुतीपायीं प्रस्तुत लेखकाच्या हातून एक साधन कायमचें उणें झालें. ती हकीकत, व उरल्यासुरल्या पुराव्यावरून केलेला शोध, येथें नमूद करितों.

सदर शस्त्र म्हणजे आमच्या घरांत चालत आलेली कमरेची सुरी. घरांत तिला 'पानिपतची कट्यार' म्हणत. दरवर्षीं खंडेनवमीस राख व विटकरीची पूड लावून ती घासावयाची, फूल वाहावयाचें व पुन्हां देव्हाऱ्याखालीं ठेवावयाची, असा क्रम असे. पुढें गंज फार चढला, तेव्हां लेखकानेंच ती शिकलगाराच्या सहाणेवर धरविली. पातें आरशासारखें झालें. पण मुठीलगत जी पिवळसर नक्षी अंधुक दिसत असे, ती गेली. तेथें आतां एकमेकींस छेदणाऱ्या बारीक ओरखड्यांची जाळी तेवढी उरली आहे.

या जाळीचा अर्थ मागाहून कळला. कोफ्तगरीच्या कामांत पोलादावर प्रथम असे आडवेतिडवे ओरखडे काढितात व त्यांवर सोन्याची किंवा रुप्याची बारीक तार ठोकून बसवितात. तारेस धरून ठेवणारें एवढेंच काय तें. भिंगाखालीं कांहीं ओरखड्यांत सोन्याचे कण अद्यापि दिसतात. अर्थात् तेथें सुवर्णलेखन किंवा वेलबुट्टी होती, यांत संशय नाहीं.

आतां नांवाकडे वळूं. ही कट्यार नव्हे. कट्यारीची मूठ दोन समांतर पट्ट्यांमध्यें आडवी बसविलेली असते व पातें बहुधा दुधारी असतें. आमच्या सुरीस एकच धार आहे. पाठ जाड व दोहों बाजूंस बाहेर आलेली असल्यामुळें पात्याचा छेद इंग्रजी 'टी' अक्षरासारखा दिसतो. आणि पातें मुठीकडे रुंद असून टोंकाकडे सुईसारखें निमुळतें होत जातें. कड्यांच्या चिलखतांतून टोंक घुसावें व पातें वांकूं नये, हा या घडणीचा हेतु. हीं लक्षणें पेशकबजाचीं होत. पेश म्हणजे पुढें व कब्ज म्हणजे पकड. इराण, अफगाणिस्तान व उत्तर हिंदुस्थान येथें हें शस्त्र विशेष प्रचारांत होतें.

मुठीची साक्ष निराळी आहे. रुंद परजावर दोन पांढऱ्या पाट्या खिळ्यांनीं जडविल्या आहेत. घरांत त्या हस्तिदंती समजल्या जात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर परस्परांस छेदणाऱ्या वक्र रेषा असतात. वॉलरस नामक समुद्रप्राण्याच्या सुळ्याचा गाभा रवाळ दिसतो. हाडांत रक्तवाहिन्यांचीं सूक्ष्म छिद्रें काळसर ठिपक्यांच्या रूपानें उरतात. आमच्या पाट्यांवर असे ठिपकेच आहेत. म्हणून तें हाड होय. शिवाय तीन खिळ्यांपैकीं एक पितळी असून त्यास यंत्रावर पाडलेले आटे आहेत. यावरून मूठ निदान एकदां उकलून पुन्हां बसविली गेली. मुठीवरून पात्याचें वय ठरविणें त्यामुळें धोक्याचें. एकाच शस्त्राच्या निरनिराळ्या भागांचीं वयें निरनिराळीं असूं शकतात.

राहिलें पातें. एका धातुशास्त्रज्ञ स्नेह्यांच्या देखरेखीखालीं त्याच्या नखाएवढ्या भागावर फेरिक क्लोराईडचें सौम्य द्रावण लाविलें. क्षणांत वाहत्या पाण्यावरील लहरींसारखें रूप उमटलें. हाच जौहर. मुशींत वितळविलेल्या, दीड टक्क्याच्या आसपास कर्ब असलेल्या पोलादांत कठीण कणांच्या ओळी बनतात. आम्लानें भोंवतालचें लोखंड काळवंडतें व त्या ओळी शुभ्र राहतात. या पोलादास यूरोपीय 'वूट्झ' म्हणत. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले होते, व 1795 सालीं जॉर्ज पिअर्सन यांनीं त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढें फॅराडे यांनींही त्याचें पृथक्करण केलें. तेलंगणांतील कोनसमुद्रम् येथें हें पोलाद खरेदी करण्यास इराणी व्यापारी येत. 1998 सालीं व्हर्होव्हेन, पेंड्रे व डॉश यांनीं असें दाखविलें कीं, व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंशही या ओळी घडण्यास कारण होतो. एकोणिसाव्या शतकांत हा धंदा लयास गेला. तेव्हां पातें अस्सल व जुनें आहे, अलीकडचें बाजारी नव्हे, एवढें निश्चित.

जौहर हा पात्याच्या अंगांत खोलवर असतो, म्हणून सहाणेनें तो मेला नाहीं. भट्टींत लाल केला असता तर मात्र तोही गेला असता. सोन्याची तार केवळ पृष्ठभागावर होती. ती गेली ती गेलीच. तेथें धन्याचें नांव असेल, कारागिराचें असेल, हिजरी सन असेल, किंवा नुसतें फूलही असेल. पानिपतची परंपरा खरी कीं खोटी, हें सांगूं शकणारा जो एक साक्षीदार होता, त्याची जीभ आम्हींच कापिली.

म्हणून ज्यांच्या घरीं अशीं शस्त्रें असतील त्यांस विनंति कीं, कांहींही करण्यापूर्वीं त्यांचें छायाचित्र, माप व वजन घ्यावें. सुटा गंज पातळ तेल व मऊ कापड यांनीं हळूहळू काढावा. वाळूचा कागद, सहाण व तीव्र आम्ल वर्ज्य करावीं. हाडाच्या वा दंताच्या मुठीस पाणी लागूं देऊं नये, व मूठ तापवूं नये. कारण पुष्कळ मुठी आंतून लाखेनें बसविलेल्या असतात. पूर्वींच्या डागडुजीचा खिळाही काढूं नये. तोही इतिहासच होय.

आमच्या घरीं खंडेनवमीचा विधि बंद झालेला नाहीं. राख व विटकर मात्र आतां देव्हाऱ्यापाशीं येत नाहीं. तेलाचा हात व एक फूल, इतक्यावरच पूजा होते.