रिचार्जशिवाय टीव्ही: डिश, एलएनबी आणि बॉक्स कसा निवडायचा?

दरमहा पैसे न भरता टीव्ही पाहायचा असेल, तर भारतात सगळ्यात सोपा पर्याय आहे डीडी फ्री डिश. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावानं सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही. डिश आणि बॉक्स मिळून एकदाच साधारण २,००० रुपये खर्च येतो, असं प्रसार भारती सांगते.

पण अनेक जण आधी बॉक्स घेतात आणि मग लक्षात येतं, की घरातली डिश किंवा एलएनबी त्याला चालत नाही. खर्च वाया जाऊ नये म्हणून क्रम उलटा हवा: आधी उपग्रह ठरवायचा, मग डिश, मग एलएनबी आणि शेवटी बॉक्स.

आधी उपग्रह का ठरवायचा?

फ्री डिशचे चॅनेल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. त्याचा सिग्नल केयू-बँडमध्ये असतो. या बँडमधली तरंगलांबी तीन सेंटीमीटरहून कमी, त्यामुळे लहान डिश पुरते.

खासगी डीटीएच कंपन्यांचे सिग्नलही त्याच छतावर पडतात. पण त्यातले बहुतेक चॅनेल कूटबद्ध, म्हणजे कुलूपबंद असतात. फ्री-टू-एअर बॉक्सवर ते दिसत नाहीत.

छंद म्हणून वेगवेगळे उपग्रह शोधायचे असतील, तर सी-बँडकडे वळावं लागतं. ८३ अंशावरचा जीसॅट-३० हे त्याचं एक उदाहरण. तिथे तरंगलांबी साडेसात सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणून सहा ते आठ फुटांची डिश लागते.

नाचणगावात डिश कुठे वळवायची?

वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातलं, पुलगावला लागून असलेलं नाचणगाव उदाहरण म्हणून घेऊ. इथून जीसॅट-१५ आग्नेयेला दिसतो. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजलं तर साधारण १४२ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंच.

उपग्रह एवढा वर असल्यानं शेजारचं दुमजली घर सहसा आड येत नाही. अगदी जवळचं उंच झाड किंवा पाण्याची टाकी मात्र येऊ शकते. जागा ठरवण्याआधी छतावर उभं राहून आग्नेय दिशा मोकळी आहे का, ते पाहावं.

डीटीएचसाठी वापरतात ती डिश ऑफसेट प्रकारची असते. तिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे ती पाहताना वाटते त्यापेक्षा वीसेक अंश जास्त वर 'बघत' असते. डिश पुरेशी वर झुकलेली दिसत नाही म्हणून अंदाजानं आणखी वर करू नये.

डिश किती मोठी?

फ्री डिशसाठी ६० सेंटीमीटर पुरेशी आहे. मग ९० सेंटीमीटरची कशाला? कारण पाऊस. जोरदार सरीत केयू-बँडचा सिग्नल पाण्याच्या थेंबांत शोषला जातो आणि चित्र अडकतं. ९० सेंटीमीटरच्या डिशचं क्षेत्रफळ ६० वालीच्या सव्वादोन पट असतं, म्हणजे सिग्नल तेवढा जास्त गोळा होतो. ढगफुटीसारख्या पावसात तीही हात टेकते, पण साध्या पावसात फरक जाणवतो. सी-बँडला पावसाचा त्रास बराच कमी.

मोठ्या डिशला वाराही जास्त लागतो. त्यामुळे तिचा खांब स्लॅबला किंवा भिंतीला पक्का बोल्ट केलेला हवा. टिनाच्या छपरावर ती बसवू नये. डिश दोन-तीन अंश हलली तरी चित्र जातं.

एलएनबीवर काय वाचायचं?

केयू-बँडच्या युनिव्हर्सल एलएनबीवर ९७५०/१०६०० हे आकडे असतात. उपग्रहाच्या फ्रिक्वेन्सीतून हा आकडा वजा करून एलएनबी सिग्नल खाली आणतो. उदाहरणार्थ, ११५५० मेगाहर्ट्झचा सिग्नल केबलमधून १८०० वर उतरतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये हेच आकडे नसतील, तर डिश अचूक असूनही एकही चॅनेल सापडत नाही. सी-बँडच्या एलएनबीसाठी हा आकडा ५१५० असतो.

सी-बँडवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल सेवेसाठी दिला गेला. तो उपग्रहांच्या पट्ट्याला अगदी खेटून आहे. जवळ ५जी टॉवर असेल, तर फिल्टर असलेला एलएनबी घेणं शहाणपणाचं.

बॉक्स कोणता?

- बॉक्सवर एमपीईजी-४ आणि डीव्हीबी-एस२ लिहिलेलं असावं. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही चॅनेल दिसणारच नाहीत.
- एकाहून अधिक एलएनबी जोडायचे असतील, तर डायसेक स्विच चालतो का ते विचारावं.
- काही नव्या टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो. तसं असेल तर वेगळा बॉक्स घ्यायची गरज नाही.
- 'पेड चॅनेल कायमचे फुकट' असं सांगून विकले जाणारे बॉक्स टाळावेत. कुलूप तोडून चॅनेल पाहणं बेकायदेशीर आहे, आणि तो जुगाड कधीही बंद पडू शकतो.

जुनी डीटीएच डिश चालेल का?

बहुतेक वेळा चालते. फक्त डिश कंपनीच्या मालकीची नाही ना, एलएनबीवरचे आकडे कोणते आहेत आणि केबल उन्हानं तडकलेली नाही ना, हे तपासावं. नवी केबल घेताना आरजी-६ घ्यावी आणि छतावरचे जोड पाण्यापासून झाकावेत.

सगळं नीट असूनही चित्र गेलं तर?

मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य काही दिवस बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. नाचणगावात ही वेळ सकाळी अकराच्या सुमाराची. काही मिनिटं सिग्नल जातो आणि आपोआप परततो. अशा वेळी डिशला हात लावू नये.