छायाचित्र हलके होत गेले, त्याचा इतिहास

संकेतस्थळाचे पान उघडायला वेळ लागतो तो बहुतेक वेळा चित्रांमुळे. लांबलचक मजकूरही काही किलोबाइटांत मावतो. मोबाइलने काढलेला एक फोटो मात्र चार-पाच मेगाबाइट भरतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नवेगावबांध तलावाचा चार हजार बाय तीन हजार पिक्सेलचा फोटो घेतला, तर पिक्सेलमागे तीन बाइट धरून मूळ माहिती ३६ मेगाबाइट होते. कॅमेराच ती दाबून जेपेग रूपात ठेवतो, म्हणून पाच मेगाबाइटवर भागते.

या दाबण्यामागचे गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ मांडले आणि १९९२ चे जेपेग मानक त्याच पायावर उभे राहिले. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येकातले ठळक चढउतार राखायचे, नजरेला न जाणवणारे बारकावे सोडायचे. उजेडातला फरक डोळा चटकन टिपतो, रंगातला तितका नाही. त्यामुळे रंगाची माहिती आणखी कमी करता येते. नवेगावबांधच्या फोटोत मोकळे आकाश आणि संथ पाणी थोडक्या जागेत बसते, पण काठावरच्या झाडीतली पानन् पान जागा खाते. सगळ्या फोटोंना एकच दर्जा लावणे म्हणूनच चुकीचे. जंगलाचा आणि पाण्याचा फोटो वेगवेगळा तपासावा लागतो.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते टेलिफोनच्या तारेवरून. ९.६ किलोबिट वेगाने शंभर किलोबाइटचे चित्र यायला जवळपास दीड मिनिट लागे. तेव्हा चित्रे लहान ठेवत, जिफमधले रंग २५६ वरून आणखी खाली आणत. मराठीवर तर दुहेरी भार होता. वाचकाच्या संगणकात देवनागरी फॉन्ट असेलच याची खात्री नसल्याने कित्येक पानांवर शीर्षके, कधी मजकूरसुद्धा, चित्र म्हणून चढवला जाई. युनिकोड रुळल्यावर ही चित्रे हटली आणि अक्षरे अक्षरे म्हणून येऊ लागली. मराठी पाने हलकी करणारा हा मोठा बदल होता.

नंतरची पावले मोबाइलमुळे पडली. २००६ मध्ये जगभर खुला झालेला ऑपेरा मिनी ब्राउझर साध्या फोनसाठी आपल्या सर्व्हरवरच चित्रे दाबून पाठवी. २०१० मध्ये गूगलने वेबपी आणले, २०१९ मध्ये एव्हीआयएफ आले. दोन्ही सारख्याच दर्जाचे चित्र साधारणपणे जेपेगपेक्षा कमी जागेत बसवतात. मधल्या काळात पडद्याच्या रुंदीप्रमाणे वेगवेगळ्या मापाचे चित्र पाठवण्याची सोय झाली. पान खाली सरकवल्यावरच पुढचे चित्र मागवण्याची सोय क्रोममध्ये २०१९ पासून आहे. तरी सर्वाधिक बचत सगळ्यात साध्या कामात होते: चढवण्याआधी चार हजार पिक्सेलची रुंदी बाराशेवर आणली, की पिक्सेल अकरापट घटतात. २०१६ नंतर फोर-जी स्वस्त झाले, पण टॉवरपासून लांब, जंगलातल्या गावात रेंज क्षीण असते आणि तिथे ही बचत थेट जाणवते.

अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्याच्या गावी हे ज्ञान सेवा केंद्रांतून पोचले. बँक भरतीच्या ऑनलाइन अर्जाला फोटो २० ते ५० किलोबाइटचा आणि सही १० ते २० किलोबाइटची लागते. ‘साईज कमी करून देणे’ हे अशा केंद्रांचे रोजचे काम झाले आहे.