डावे, उजवे आणि वजाबाकी

'चॅनल'साठी 'वाहिनी' हा शब्द आपण दूरचित्रवाणीच्या निमित्ताने रुळवला. ध्वनीच्या क्षेत्रात मात्र तो थोडी दिशाभूल करतो. स्टिरिओ म्हणजे शेजारी शेजारी वाहणारे दोन स्वतंत्र प्रवाह, अशी आपली समजूत होते. या तंत्राचा इतिहास चाळला की लक्षात येते, की दोन चॅनलांचे मर्म त्यांच्यातल्या फरकात आहे. (सोस्यूर शिकवणाऱ्यांना हे ऐकून बरे वाटेल.)

ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने डिसेंबर 1931 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. चित्रपटातला नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्याला खटकले होते, असे सांगतात. दोन मायक्रोफोनांचे संकेत जसेच्या तसे पुढे पाठवण्याऐवजी त्यांची बेरीज आणि वजाबाकी करून ध्वनीची दिशा घडवता येते, हे त्याने त्या पेटंटात मांडले. एकाच खाचेत दोन्ही बाजू कोरण्याची रीतही त्यातच आहे. 1934 मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचमच्या वाद्यवृंदाचे प्रायोगिक मुद्रणही झाले. पुढे 1942 मध्ये रडारची चाचणी घेताना विमान कोसळून तो मरण पावला. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या 1957-58 च्या सुमारास.

त्या तबकडीची खाच मोठी मार्मिक आहे. तिच्या दोन भिंती पंचेचाळीस अंशांत कललेल्या. एकीवर डावे चॅनल, दुसरीवर उजवे. परिणाम असा, की सुईची आडवी हालचाल म्हणजे दोहोंची बेरीज आणि उभी हालचाल म्हणजे फरक. जुन्या मोनो पिकअपला फक्त आडवे कळे, म्हणून त्याला आपोआप पुरे गाणे मिळे. (सुई उभ्या दिशेने थोडी लवचिक मात्र हवी, नाहीतर खाच खराब होई.) अमेरिकेत 1961 मध्ये एफएम स्टिरिओ आला, तोही याच न्यायाने: मुख्य संकेतात बेरीज, फरक वरच्या उपवाहक लहरीवर. ज्याच्या घरी एकच स्पीकर, त्याचे काही हिरावले जाऊ नये, ही त्यातली दृष्टी मला आजही सुसंस्कृत वाटते.

1982 मध्ये आलेल्या सीडीने हा हिशेब सोडून दिला. तिच्यात प्रत्येक चॅनलचे सेकंदाला 44,100 नमुने, एक डावा, एक उजवा, असे आलटून पालटून. जागा मुबलक होती. एमपीथ्रीत ती नव्हती, आणि वजाबाकी परत आली. 'जॉइंट स्टिरिओ' या पद्धतीत गरजेनुसार बेरीज आणि फरक साठवतात. दोन्ही बाजू सारख्या असल्या की फरकावर फारसे बिट खर्च होत नाहीत.

याचा एक प्रयोग कोणालाही करता येईल. 78 फेऱ्यांच्या तबकडीवरचे जुने नाट्यगीत मोनोच असते, पण स्टिरिओ पिकअपने उतरवून घेतले की संगणकात त्याची दोन चॅनले होतात. मी एकदा डाव्यातून उजवे वजा करून पाहिले. गायक जवळजवळ नाहीसा झाला, ऑर्गनही गेला. उरली ती धुळीची खरखर, ओरखड्यांचे टकटक आणि सुयांनी वर्षानुवर्षे केलेली झीज.