लिंटेलच्या पट्ट्याची कुळी

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात घराच्या भिंती दाराच्या उंचीला आल्या की गवंडी सळया बांधायला घेतो आणि लिंटेल ओततो. बहुतेक मालकांना ते दार-खिडकीवरचे वजन पेलण्यापुरते वाटते. तेच लिंटेल मध्ये कुठेही न तोडता चारी भिंतींवरून फिरवले की त्याचा भूकंपपट्टा होतो, आणि या पट्ट्याची कुळी शोधत गेले तर ती बलुचिस्तानात पोचते.

१९३१ साली तिकडे माच येथे मोठा भूकंप झाला. त्यानंतर एस. एल. कुमार या तरुण रेल्वे इंजिनिअरने क्वेट्ट्यात कर्मचाऱ्यांसाठी जुन्या रुळांचा सांगाडा घालून घरे बांधली. ३१ मे १९३५ला क्वेट्टा जमीनदोस्त झाले, तीस हजारांहून अधिक माणसे गेली. कुमारांची घरे उभी राहिली! शहर पुन्हा उभारताना बांधकामाचे नियम सक्तीचे झाले आणि विटांच्या भिंतीत सळई-काँक्रीट आले.

दख्खनला याचे सोयरसुतक नव्हते. इथला खडक हलत नाही, अशी सगळ्यांचीच समजूत. १९६६च्या भूकंप नकाशात चक्क ‘शून्य’ धोक्याचा विभाग होता आणि कोयना कमी धोक्याच्या भागात मोडत होती. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर हादरले, पावणेदोनशेच्या आसपास बळी गेले. कडेगाव तिथून साठेक किलोमीटर. योगायोग असा की घरांच्या भूकंपरोधक बांधणीचे मानक, आयएस ४३२६, त्याच वर्षीचे. १९७०च्या नकाशातून शून्य विभाग काढून टाकला गेला.

तरीही गावे माळवदातच राहिली. दगड-मातीची जाड भिंत, आतला आणि बाहेरचा थर वेगळा, मध्ये भर, वर मातीचे टनावारी ओझे. उन्हाळ्यात असे घर गार राहते, हे त्याचे मोठेच सुख. पण हादऱ्यात दोन्ही थर फाकतात आणि छप्पर खाली येते. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारी परिसरात जवळपास आठ हजार माणसे गेली ती मुख्यतः अशाच घरांत. तो भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा होता. २००२च्या नकाशाने त्याला तिसऱ्या विभागात आणले. सांगली शहरही त्या नकाशात तिसऱ्यातच होते.

पट्ट्याचे काम सोपे आहे. कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत बांबूचे, म्हणून डोलूनही तग धरतात; दगड-विटांच्या भिंतीला लवणे जमत नाही. वरून दाब आला तर ती सोसते, आडवा धक्का बसला की कोपऱ्यात उकलते. पट्टा चारी भिंती एकमेकींना बांधून ठेवतो. त्यासाठी किमान ७५ मिलिमीटर जाडीचे काँक्रीट, दोन लांब सळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या कड्या एवढे पुरते. स्लॅब असेल तर छपराच्या पातळीवर वेगळा पट्टा लागत नाही, लिंटेलचा मात्र हवाच.

चूक होते ती कोपऱ्यात. दोन भिंतींच्या सळया तिथे नुसत्या एकमेकींजवळ येऊन थांबतात. त्या काटकोनात वळवून शेजारच्या भिंतीत पुरेशा लांब न्याव्या लागतात. त्यासाठी जादा लागणारी सळई दोन-चार हातांची, आणि ती काँक्रीट ओतण्याआधीच तपासावी लागते.