उसना शिक्का
एका बाजूस राणी एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूस ‘स्टार वॉर्स’मधील डार्थ व्हेडर! २०११ चे हे नाणे नियुएचे. प्रशांत महासागरातील, दोन हजारांहून कमी वस्तीच्या बेटाचे. तेथील बाजार मात्र न्यूझीलंडच्या डॉलरवर चालतो. हे नाणे संग्राहकांसाठी. त्यावरील नावापोटी बेटाला स्वामित्वशुल्क मिळते.

हसण्यापूर्वी आपल्या केजकडे पाहा. हे गाव निजामाच्या राज्यातले; येथे हाली सिक्का चाले (पुढे सहा इंग्रजी कलदार म्हणजे सुमारे सात हाली). मोगल सत्ता दिल्लीतच नाममात्र उरली, तरी १८५७ च्या उठावापर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर बादशहाचेच नाव असे. निजामाला त्या नावातून मान्यता हवी होती. आज विक्रेत्याला बेटाच्या नावातून ‘वैध चलन’ हे बिरुद हवे असते. हाली रुपयाला केजच्या बाजारात निदान ज्वारी तरी मिळे.