खुर्चीवर कोण बसलंय?

२०२१ चा जुलै महिना. ऑफिस घरून चालू होतं, म्हणून पुण्यातली खोली सोडून मी हदगावात. सकाळची स्टँडअप मीटिंग चालू असतानाच दादाचा फोन. दादा म्हणजे चुलत भाऊ. तहसीलकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे.

"अरे, पासवर्ड घेऊ लालंय अन् परत तिथंच येऊ लालंय. बाहेर पंधरा माणसं उभी हायेत. विम्याची मुदत संपायलीय."

पीक विम्याचा फॉर्म वेळेत गेला नाही तर काय होतं हे हदगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सोयाबीन पाण्याखाली गेल्यावर "कॉम्प्युटर बंद होता" हे कारण कोण ऐकणार? आणि त्या मशीनवर लिनक्स मीच टाकून दिलं होतं. (दोन जीबी रॅम, गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह आणि त्यातले व्हायरस. दुसरं काय टाकणार?) म्हणजे शिव्या मलाच. माइक म्यूट केला आणि निघालो.

तर लक्षण असं. पासवर्ड चुकला की लिनक्स सरळ तसं सांगतं. इथं पासवर्ड बरोबर होता. स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि पुन्हा लॉगिनची खिडकी समोर. म्हणजे दरवाजा उघडतोय, पण ओसरीतूनच कुणीतरी परत पाठवतंय. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या टर्मिनलवर गेलो, तर तिथं त्याच पासवर्डनं व्यवस्थित आत. डिस्क भरलीय का बघितलं (अशा वेळी पहिल्यांदा हेच बघावं), तर जागा होती. मग दादाच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या फायलींची यादी काढली. डॉट-एक्सऑथॉरिटी नावाच्या छोट्याशा फायलीसमोर मालक म्हणून नाव होतं रूट.

आमच्याकडच्या माणसाला ही यादी समजावणं अगदी सोपं आहे. तो फायलीचा सातबारा आहे. मालक कोण, गट कुठला आणि इतर अधिकार काय. (सातबाऱ्यात गट जमिनीचा असतो आणि इथं माणसांचा, एवढाच फरक.) दादाच्या घरातल्या किल्लीचा सातबारा रातोरात दुसऱ्याच्या नावावर झाला होता.

चौकशी केली. आदल्या रात्री लाइट गेली, आली, आणि मशीन काळ्या स्क्रीनवरच अडकलं. पुतण्यानं यूट्यूबवर बघून 'सुडो स्टार्टएक्स' असं टाइप केलं. डेस्कटॉप आला. "मग झालं की काका!" झालं होतं खरं. पण तो डेस्कटॉप दादाच्या नव्हे, रूटच्या नावानं चालू झाला होता आणि जाता जाता दादाच्या घरात आपल्या नावाच्या फायली ठेवून गेला. डॉट-आयसीईऑथॉरिटी, डॉट-कॅशमधलं निम्मं सामान, सगळं रूटचं. उपाय एका ओळीचा. 'चोन', म्हणजे फेरफार करून होम फोल्डर पुन्हा दादाच्या नावावर. तलाठ्याकडे इतक्या लवकर होत नाही. दहा मिनिटांत पहिला फॉर्म गेला.

पण ही भानगड मुळात एवढी किचकट कशाला, हा प्रश्न डोक्यात राहिला, आणि त्याचं उत्तर बरंच जुनं आहे.

१९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटानं सीटीएसएस नावाची प्रणाली दाखवली. एकच अवाढव्य कॉम्प्युटर आणि तो वेळ वाटून घेणारी बरीच माणसं. कुणाच्या फायली कुणाच्या, हे ठरवायला पासवर्ड आला. आणि लगेच १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकानं, वाट्याचा वेळ पुरेना म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली! पुढे बेल लॅब्समध्ये युनिक्स आलं. नोव्हेंबर १९७१ च्या त्याच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये चोन आणि चमॉड दोन्ही आहेत. त्या वेळी फक्त मालक आणि इतर होते. गट नंतर आला. म्हणजे दादाच्या दुकानात मी वापरलेली आज्ञा आमच्या दोघांपेक्षाही वयानं मोठी.

या सगळ्यात एक गृहीतक आहे. मशीन एक, माणसं अनेक, आणि प्रत्येक माणसाचं नाव मशीनला माहीत.

१९८४ मध्ये, पुन्हा एमआयटीतच, एक्स विंडो सिस्टिम जन्मली. खिडक्या नेटवर्कवरून दुसऱ्याच्या स्क्रीनवरही उघडता येत. मग भलत्यानं आपल्या स्क्रीनवर खिडकी उघडू नये म्हणून एक गुप्त संख्या ठरली, तिचं नाव 'मॅजिक कुकी'. ती राहते डॉट-एक्सऑथॉरिटीत. पुतण्यानं नकळत जिचा मालक बदलला, ती हीच.

नंतर पर्सनल कॉम्प्युटर आले आणि प्रश्न उलटा झाला. पेन ड्राइव्ह कुणी उघडावा? स्पीकर कुणाच्या ताब्यात? फायलीला मालक असतो, पण स्पीकरचा मालक कोण? सुरुवातीला लोक स्वतःला 'ऑडिओ' वगैरे गटांत घालून घ्यायचे. मग कन्सोलकिट आणि २०११ च्या सुमारास सिस्टिमडीचं लॉगिनडी आलं. त्यांनी 'सीट' ही कल्पना धरली. खरोखरच खुर्ची! आत्ता समोर जो बसलाय, त्याला आवाज, कॅमेरा, पेन ड्राइव्ह. उठला की अधिकार गेला. आवाज येत नाही, पेन ड्राइव्ह उघडत नाही असल्या तक्रारींत मी आता आधी 'लॉगिनसीटीएल' चालवून बघतो, की मशीनच्या मते खुर्चीवर कोण बसलंय.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आपल्या रायगड जिल्ह्यातली आहे. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' ही योजना केंद्र सरकारनं २००६ मध्ये नाकारली होती. तरी २००७ मध्ये खैराट-धनगरवाडा इथल्या एका खोलीच्या शाळेत वीस-बावीस मुलांना एक्सओ लॅपटॉप मिळाले, आत लिनक्स. पहिली ते चौथीची मुलं, गुरुजी एकच. आता या मुलांना सांगायचं काय, की आठ अक्षरी पासवर्ड ठेवा, त्यात एक आकडा हवा?

त्याच वर्षी इव्हान क्रस्टिच यांनी या लॅपटॉपसाठी बिटफ्रॉस्ट नावाचा सुरक्षेचा आराखडा मांडला होता. त्यातली एक अट अशी की पासवर्ड नकोच, आणि दुसरी अशी की सुरक्षेसाठी वाचता येणं गरजेचं असू नये. मूळ आक्षेप तर थेट १९७१ वरच होता. युनिक्स माणसाला माणसापासून वाचवतं. पण पत्त्यांचा खेळसुद्धा तुमच्या नावानं चालतो, म्हणून तो तुमच्या सगळ्या फायली वाचू शकतो. तेव्हा कुंपण माणसांत नको, प्रोग्रॅममध्ये घाला. त्यासाठी लिहिलेल्या रेनबो या प्रोग्रॅमनं जुनीच युक्ती वापरली: माणसांसाठी असलेले यूजर नंबर प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळे वाटून टाकले. बिटफ्रॉस्टमधलं बरंचसं कागदावरच राहिलं. पण २००८ मध्ये बाजारात आलेल्या अँड्रॉइडनंही स्वतंत्रपणे हेच केलं. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये प्रत्येक ॲप हा लिनक्सच्या दृष्टीनं एक वेगळा माणूस आहे, दहा हजारच्या पुढचा नंबर घेऊन बसलेला.

असो. दुकानात परत येऊ.

फेरफार झाल्यावर मी सहज डाउनलोड्स फोल्डर उघडला आणि घाम फुटला. तीन वर्षांची आधार कार्डं, पासबुकं, सातबारे, जातीचे दाखले. सगळ्यांचा मालक एकच, दादा. परवानग्या तांत्रिकदृष्ट्या अगदी चोख! पण त्या खुर्चीवर दादा बसतो, पुतण्या बसतो, वहिनी बसते, आणि गर्दी असली की "तूच भर रे" म्हणून गिऱ्हाईकही बसतं. मशीनला ही सगळी माणसं म्हणजे दादाच. पन्नास वर्षांचं सगळं शहाणपण त्या एका लॉगिनपाशी येऊन निकामी.

मी आधी पुण्याच्या अकलेनं चार अकाउंट काढली. आठवड्यात चारही पासवर्ड एकाच चिठ्ठीवर, मॉनिटरला चिकटवलेले. मग मात्र डोकं चाललं. मिंटच्या लॉगिन सेटिंगमध्ये गेस्ट सेशन असतं, फक्त चालू करावं लागतं. नाव नाही, पासवर्ड नाही, तात्पुरतं घर. लॉगआउट केलं की घरासकट सगळं साफ. फॉर्म गेस्टवर भरायचे आणि हिशेब दादाच्या अकाउंटवर, असं ठरलं.

दादाला ते पटलं. "म्हणजे गिऱ्हाईक उठलं की पाटी कोरी." पुतण्या मात्र कुरकुरतो, दर वेळी साइटवर नव्यानं लॉगिन करावं लागतं म्हणून.

जुन्या फायली मी आणि दादानं एका रविवारी बसून उडवल्या. सुडो आता फक्त माझ्या अकाउंटला आहे. पुतण्याला हे अजून कळलेलं नाही, पुढच्या वेळी लाइट जाईल तेव्हा कळेल.