किरारीचा खांब आणि शिकाऊ हात

रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात विद्यार्थ्यांना घेऊन गेले, की मी त्यांना आधी सिरपूरच्या कांस्यमूर्तींकडे जाऊ देते. त्या पाहा असे कोणाला सांगावे लागत नाही. मग त्यांना एका जुन्या लाकडापाशी आणते आणि म्हणते, यावरचा लेख वाचून दाखवा. मुले वाकून बघतात, बाजूने बघतात, मोबाइलचा उजेड पाडतात. शेवटी कोणीतरी म्हणते, "मॅडम, यावर तर काही दिसतच नाही." मला तेच उत्तर हवे असते. कारण हा लेख आपल्याला ठाऊक आहे, तो वाचला गेला आहे, छापलाही गेला आहे. फक्त तो लाकडावर उरलेला नाही.

महानदीकाठच्या चंद्रपूरजवळ किरारी नावाचे गाव आहे. हे चंद्रपूर म्हणजे विदर्भातले नव्हे, छत्तीसगडातले. त्या वेळच्या बिलासपूर जिल्ह्यातले. 1921 मध्ये किरारीचा हीराबांध तलाव आटला. तळाचा गाळ काढताना एक लाकडी खांब वर आला आणि त्याच्यावर अक्षरे कोरलेली होती. अठराशे वर्षे पाण्याखालच्या चिखलात तो सुखरूप राहिला होता. वर काढल्यावर तो उन्हात पडला आणि तिथेच घात झाला. दीर्घकाळ पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पेशींना आतल्या पाण्याचाच आधार असतो. ते पाणी झपाट्याने उडाले की पेशी आक्रसतात, लाकूड तडकते, वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो. किरारीच्या खांबाचा असा थर सुटला आणि त्याबरोबर अक्षरेही गेली.

ती पुरती जाण्याआधी लक्ष्मीप्रसाद उपाध्याय नावाच्या स्थानिक पंडितांनी कागद घेतला आणि दिसतील तशी अक्षरे उतरवून काढली. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. दोन्ही त्यांच्या रोजच्या वापरातली नव्हती. अर्थ लागत नसताना त्यांनी तीनशेहून अधिक अक्षरांची वळणे नुसत्या डोळ्यांनी टिपली. पुढे लोचनप्रसाद पांडेय यांच्यासारख्या जाणत्या माणसांमुळे ही गोष्ट अभ्यासकांपर्यंत पोचली आणि हीरानंद शास्त्री यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या अठराव्या खंडात लेख प्रसिद्ध केला. आज आपण किरारीचा लेख म्हणतो तो बहुतांशी उपाध्यायांचा कागद आहे.

त्या कागदामुळे काय वाचले? राजांच्या स्तुतीचे श्लोक यात नाहीत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराची ही नुसती हुद्द्यांची आणि माणसांची यादी आहे: नगराचा रक्षक, सेनापती, प्रतिहार, हिशेब ठेवणारा गणक, भांडागारिक, हत्तीवरचा, घोड्यावरचा, रथावरचा, मुदपाकखाना सांभाळणारा, पत्रे पोचवणारा. सातवाहनकाळात राज्याचा गाडा कोण ओढत होते, हे इतक्या तपशिलाने सांगणारे लेख फार थोडे आहेत. मराठी वाचकाला इथे नाणेघाट आठवेल. तिथे सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरले होते. पुतळे गेले, पायांच्या खुणा राहिल्या, पण दगडावरची नावे टिकली. किरारीत उलटे झाले. वस्तू राहिली आणि अक्षरे गेली.

रायपूरचे संग्रहालयही असेच कोणाच्या तरी हातून उभे राहिले. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी ते 1875 मध्ये अष्टकोनी इमारतीत सुरू केले. (सतनामी पंथाचे गुरू घासीदास वेगळे, नावामुळे गल्लत होते.) आजची इमारत त्याच घराण्यातल्या राणी ज्योतिदेवी आणि राजा दिग्विजयदास यांच्या देणगीतून झाली आणि 1953 मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी तिचे उद्घाटन केले. त्या वेळी रायपूर ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. छत्तीसगडच्या जुन्या इतिहासाच्या कामात मराठी नावे वारंवार भेटतात, त्याचे एक कारण हेच. रतनपूरच्या कलचुरींचे लेख नागपूरच्या वा. वि. मिराशींनी संपादित केले. सिरपूरचे बौद्ध विहार 1953 ते 1956 या काळात मोरेश्वर गंगाधर दीक्षितांच्या उत्खननात उजेडात आले.

या विद्वानांची नावे आपण घेतो. पण उत्खननात खापरे धुणारे, त्यांवर क्रमांक घालणारे, नकाशे काढणारे, ठसे घेणारे हात बहुधा विद्यार्थ्यांचे असतात. ते तयार कसे होतात, हा माझ्यापुरता या खांबाने विचारलेला प्रश्न आहे. 1944 मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी तक्षशिलेला उत्खननाची शाळा भरवली आणि देशभरातून विद्यार्थी बोलावले. बी. बी. लाल, बी. के. थापर ही पुढची पिढी तिथे घडली. 1959 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने स्वतःची पुरातत्त्व शाळा काढली. तिचीच पुढे संस्था झाली आणि तिथल्या पदविकेच्या विद्यार्थ्यांना सरकार विद्यावेतन देते.

अमेरिकेत हे आणखी सरळ हिशेबाने झाले. 1933 च्या मंदीत वास्तुरचनाकार बेकार होते आणि जुन्या इमारती पडत होत्या. चार्ल्स पीटरसन यांनी दोन्ही अडचणींची सांगड घातली: सरकारने या लोकांना पगार द्यावा आणि त्यांनी इमारती मोजून त्यांची चित्रे काढावीत. महायुद्धानंतर हेच काम उन्हाळ्याच्या सुटीत पगारी विद्यार्थी करू लागले. त्यांनी मोजलेल्या कितीतरी इमारती आज उभ्या नाहीत. चित्रे मात्र तिथल्या काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत. किरारीचा कागद म्हणजे हीच गोष्ट, फक्त पगाराविना आणि योगायोगाने घडलेली.

आपल्याकडे 1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा मुळात कारखान्यांसाठी झाला. इतिहास शिकलेल्या पदवीधराला त्याचे दार उघडायला 2014 ची दुरुस्ती यावी लागली. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिप अभ्यासक्रमातच आली, तिचे श्रेयांकही मिळतात. पण श्रेयांकाने खोलीचे भाडे भरता येत नाही. माझ्या वर्गात महानदीकाठच्या एका गावची मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे, आणि कोणत्याही लेखाची नक्कल काढताना स्वतःच्या मनाचे एक रेघभरही न घालण्याची शिस्त. तिला एका संस्थेत जुन्या वस्तूंच्या नोंदी करण्याची इंटर्नशिप मिळाली, विद्यावेतनाशिवाय. तीन आठवड्यांनी ती परत आली. म्हणाली, "मॅडम, काम आवडलं, पण घरून आता पैसे मागवत नाही." पुढे ती कपड्यांच्या दुकानात हिशेब लिहू लागली. तिच्या जागी शहरातच घर असलेला मुलगा आला. तोही चांगला होता; त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती या रीतीविषयी. विद्यावेतन नसेल तर संग्रहालयात शिकायला कोण येणार, हे गुणवत्ता ठरवत नाही, रायपुरात घर कोणाचे आहे ते ठरवते. आणि पुढचा किरारी रायपुरात निघणार नाही. तो कुठल्या तरी आटलेल्या तळ्यात, रस्त्याच्या खोदकामात, घराच्या पायात निघेल; तिथे पहिल्या दिवशी पोचणारा माणूस त्याच पंचक्रोशीतला असेल. ओले लाकूड उन्हात ठेवू नये, ओल्या गोणपाटात गुंडाळावे, आधी फोटो काढावेत, नक्कल करावी, मग कळवावे, एवढे त्याला कोणीतरी शिकवलेले असायला हवे.

लक्ष्मीप्रसाद उपाध्यायांना हे कोणी शिकवले नव्हते, तरी त्यांनी निम्मे काम केले. आपण त्यांचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच पंचक्रोशीत आणखी एकाला लाकूड ओले ठेवायचे माहीत असते, तर मला विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारावा लागला नसता. त्यांनी वाकून तो लेख वाचला असता.